सात घरांची एक मेंबरशिप

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, ओळ वरून निघते आणि उतरत उतरत खाली जाते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही कळत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. कोणी वाचेल म्हणून हे लिहीत नाही. चार माणसांत बोलायला उभी राहिले की माझा घसा बसतो, कागदासमोर तेवढं होत नाही, म्हणून लिहिते.

बीडपासून थोडं बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून एक वॉटर पार्क आहे. तिथं मी कामाला आहे. होळी झाली की पार्क उघडतं आणि पाऊस लागला की बंद होतं. बाकीचे महिने आम्ही दोघी-तिघी बाया झाडलोट करतो, कपडे वाळवतो, राखण करतो. आमच्या गावात टँकर आला की हंड्यांची रांग लागते, आणि मी दिवसभर निळ्याशार पाण्याच्या कडेला उभी असते. पहिल्या वर्षी ते पाणी बघून मला राग यायचा. आता येत नाही. त्या पाण्यावर माझं घर चालतं. माझ्या नवऱ्याची पाठ गेल्यापासून दुसरा पगार घरात नाही.

सुरुवातीला मला बायांच्या कपड्यांच्या काउंटरवर ठेवलं होतं. पार्काचा नियम असा, की पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे हवेत. सुती कपड्याचे धागे सुटतात आणि पाणी गाळायच्या मशीनमध्ये अडकतात. पण हे साडी नेसून आलेल्या बाईला कसं सांगायचं? युसूफ वडगावची एक म्हातारी होती. नातवांबरोबर आलेली. मी तिला सैलसा झगा आणि विजार दाखवली, तर म्हणाली, "आगं, ही इजार माज्या नवऱ्यानं बी कधी घातली न्हाई." मी पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिले. बऱ्याच वेळानं म्हातारी बाहेर आली, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ पाण्यात गेली. संध्याकाळी तिला बाहेर काढायला तिचा मुलगा काठावरून हात जोडत होता.

पुढं मला दारावर घेतलं. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या मनगटाला कागदी पट्टी बांधायची. पट्टीचा रंग रोज वेगळा, म्हणजे कालची पट्टी आज चालत नाही. दाराशेजारी भिंतीवर एक लाल रेघ आहे. रेघेखालच्या लेकराला अर्धं तिकीट. आया लेकराला झग्याआड गुडघे वाकवायला सांगतात, आणि मला ते दिसतं. मी कधी बोलते, कधी नाही. एकदा एका बाईनं आपल्या मिसरूड फुटलेल्या मुलाला खाली बसवून पुढं सरकवलं. मी म्हटलं, "ताई, ह्याला मिशा आल्यात." ती म्हणाली, "लवकर आल्यात वो, बापावर गेलाय." मी इतकी हसले की अर्ध्या तिकिटाचीच पट्टी दिली.

सूट सगळेच मागतात. कोणी मालकांचा भाचा असतो, कोणी पोलिसातला, कोणी नुसता ओळखीचा. आमचे मालक म्हणजे अप्पा. कपाळाला भस्म, बीडच्या बाजारात वडिलांपासूनचं किराणा दुकान. दुकानदार माणूस, त्यामुळे एका हातानं सूट दिली की दुसऱ्या हातानं कुठंतरी भाव चढवायचे हे त्यांना ठाऊक. ज्या वर्षी सूट वाढली त्या वर्षी साधं तिकीटही वाढलं. म्हणजे एकाची सूट रांगेतला दुसराच कोणीतरी भरत असतो. हे मला दारात उभं राहून कळलं.

पार्काच्या मागं राहायच्या खोल्या बांधल्या तेव्हा मेंबरशिप निघाली. ती अशी. एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पुढची दहा वर्षं, वर्षातला एक ठरलेला आठवडा एक खोली तुमची. शहरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणे. आमच्याकडं नवी होती. ती विकायला राहुल नावाचा एक माणूस शहरातून आणला होता. गळ्यात टाय, आणि बोलणं असं की ऐकणारा मान हलवतच राहावा.

कौशल्याबाई मला तेव्हाच पहिल्यांदा भेटली. शिरूर कासारकडची, ऊसतोडीला जाणारी. तिच्या सात बायांची भिशी होती. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की त्या सातजणी भिशीचं काहीतरी करायच्या. एका वर्षी भांडी, एका वर्षी शेळ्या. त्या वर्षी त्या पार्क बघायला आल्या आणि राहुलनं त्यांना खोली दाखवली. मी सरबताचं ताट धरून मागं उभी होते. बाकीच्या पलंगावर बसून बघत होत्या. कौशल्याबाई मात्र न्हाणीत गेली, आतून कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. बाहेर येऊन मला म्हणाली, "अक्का, सहा म्हैने आमी पाचटाच्या कोपीत ऱ्हातो. न्हायाला लुगडं आडवं धरावं लागतं, आन् त्ये बी आंधार आसला तरच. वर्साला एक दिस कडी लावून आंघूळ करायला भेटली तर लई झालं."

तिनंच राहुलला विचारलं, "आमी सात घरं हाव. आठवड्याचे वार सात. एकेका घराला एकेक दिस. चालंल का?"

"का नाही चालणार ताई?" राहुल म्हणाला. "मेंबर म्हणजे मालक. मालकाला कोण अडवतंय? आणि सातही घरांना पार्कच्या तिकिटावर निम्मी सूट."

तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच बोलला आणि ताटातला ग्लास उचलून तिच्या हातात दिला. भिशीचे पैसे आणि वर प्रत्येकीनं घातलेली भर, असं मिळून तिनं रक्कम भरली. कार्ड तिच्या नावावर निघालं.

वर्ष गेलं. त्यांचा आठवडा आला तो ऐन उन्हाळ्यात, रविवारपासून. त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दोन टेम्पो भरून सातही घरं आली. पहिला दिवस कौशल्याबाईचा होता, पण सगळ्यांनी मिळून पाण्यात जायचं ठरलं होतं. बाया नव्या बांगड्या भरून आलेल्या. राहुल तोवर नोकरी सोडून गेला होता. खिडकीवर मॅनेजर साहेब बसलेले.

साहेबांनी कार्ड उलटंपालटं केलं. "एका कार्डावर चार माणसं. त्यांना निम्मी सूट. आणि रविवारी तीही नाही. सगळ्यांची पूर्ण तिकिटं काढा."

"सायेब, आमी मेंबर हाव."

"मेंबर तुम्ही एकट्या. हे बाकीचे कोण?"

"ह्ये बी मेंबरच की. आईतवार माजा, सोमवार मंगलचा, मंगळवार..." ती वार सांगत एकेका बाईकडं बोट दाखवायला लागली. रांगेत कोणीतरी मोठ्यानं हसलं.

तिनं बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "सायेब, आमच्या भावकीची एकच हीर हाय. तिच्यात सात वाटे. ज्याची पाळी त्यानं त्या दिशी मोटार लावायची, त्याच्याच रानात पाणी. पर हिरीत पवायला कुणाच्या बी लेकराला कुणी आडवत न्हाई. पाळी नसली तरी न्हाई. मंग आमच्या वाट्याच्या पाण्यात उतरायचे पैसे कावून?"

मला ते एकदम पटलं. साहेबांना पटलं नाही. "ही विहीर नाही बाई, कंपनी आहे," ते म्हणाले.

मागं नेकनूरचे एक गुरुजी बायकोमुलांसह तिकिटं घेऊन उभे होते. ते तापले. "आम्ही पूर्ण पैसे मोजलेत. यांना सूट द्यायची तर द्या, पण तिचा भार आमच्या तिकिटावर कशाला? आणि उन्हात किती उभं करता?" तेही खोटं नव्हतं. मला दोन्हीकडचं पटत होतं आणि मी मधोमध उभी होते, हातात पट्ट्यांचा गठ्ठा.

मंगल कौशल्याबाईची सख्खी जाऊ. ती इतका वेळ लेकरांना धरून मागं उभी होती. आता पुढं आली. "तुज्या बोलन्यावर पैसं घातलं म्या. मालक हुशील म्हनलीस. ह्यो सायेब तर आपल्याला दारात हासतोय. माजं पैसं आत्ताच्या आत्ता दे."

"मंगल, लोकांत नको."

"लोकांतच दे. लोकांतच घेतलंस."

बाकीच्या पाचजणी एकेक करून मंगलच्या बाजूला सरकल्या. कौशल्याबाई एकटी पडली. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. सात घरांचे पैसे तिच्या शब्दावर आले होते, आणि आता ते तिच्याकडूनच जाणार, हे तिला कळलं होतं आणि मलाही.

पाठीमागून रेटा आला. दारातला लोखंडी दांडा माझ्या पोटात रुतला. लेकरं रडायला लागली. साहेबांनी मोबाईल काढला. "पोलिसांना बोलावतो, थांबा."

मंगलचा नवरा टेम्पोजवळून धावत आला. "फोन कुनाला लावतो बे? आमचंच खातो आन् आमच्यावर पोलिस घालतो?" त्याच्यामागं बाकीचे गडी. दाराशी ठेवलेल्या रखवालदारानं काठी आडवी धरली. एक धक्का पुढं झाला असता तर कोणीतरी दांड्याखाली आलं असतं. तिथं लेकरं होती.

तेवढ्यात अप्पांची गाडी आली. उतरले, बघितलं, कोणावर ओरडले नाहीत. दांड्यापाशी येऊन कौशल्याबाईचं ऐकलं, साहेबांचं ऐकलं.

साहेब म्हणाले, "अप्पा, असं कोण कबूल करेल? ही बाई मनानं सांगते. राहुल बोलला याला साक्षीदार कोण?"

"ह्या अक्का होत्या तितं," कौशल्याबाई म्हणाली. "सरबत त्यांनीच दिलं."

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. माझं काय होत होतं ते कसं लिहू? लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हाही मी रडले होते. साहेब बघत होते ते मला दिसत होतं. माझा पगार त्यांच्या सहीनं निघतो.

"सुमन," अप्पा म्हणाले, "काय म्हनला तो?"

मी मान हलवली. अप्पा म्हणाले, "मान नको, बोल."

"म्हनला व्हता अप्पा," मी म्हटलं. आवाज माझा मलाच आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "म्हनला व्हता. मेंबर म्हंजे मालक, सातही घरांना निम्मी सूट. ह्यांनी दोनदा इचारलं. त्यानं दोनदा सांगितलं."

अप्पा कपाळावरच्या भस्मावर बोट फिरवत उभे राहिले. मला वाटतं ते हिशेब करत होते. रांगेत आणखी दोन मेंबर घरं होती, तीही कान देऊन होती. शेवटी म्हणाले, "सोडा सगळ्यांना. निम्म्या तिकिटात. आईतवार आसला तरी."

लेकरांनी आरडाओरडा केला. मंगलचा नवरा मागं सरला. मला वाटलं, मिटलं.

कौशल्याबाई जागची हलली नाही. "सूट नगं अप्पा."

"आता काय झालं?"

"आज तुमी हाव म्हनून सोडताव. फुडल्या साली तुमी नसलाव तर हेच सायेब, हाच दांडा. कार्डावर नाव माजं एकटीचं. ह्या सहाजनी दर साली माज्या मागं हुभ्या ऱ्हानार, आन् मी दर साली हात जोडनार. आसला मालक व्हायचं न्हाई मला. पैसं परत द्या."

"मेंबरशिपचे पैसे परत मिळत नाहीत. कागदावर लिहिलंय," साहेब म्हणाले.

"कागद राहू द्या," अप्पा म्हणाले. "हिचा सासरा माझ्या बापाच्या दुकानातून हंगामाचं सामान न्यायचा, जुनं गिऱ्हाईक." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "पन बाई, पैसा पायपात गेलाय, खोल्यांत गेलाय. एकदम न्हाई निघायचा. जसा गल्ला येईल तसा देईन. तुमी तोडीला जायच्या आत फेडीन."

त्या दिवशी त्या पाण्यात उतरल्या नाहीत. सातही घरं टेम्पोत बसून परत गेली. लेकरं मागच्या फळीवरून घसरगुंड्यांकडं बघत होती. मी ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "मावशी, दारावर उद्यापासून दुसरं कोणी बघतो. तुम्ही कपडे धुवा." मी कपडे धुवायला गेले.

कौशल्याबाई दर मंगळवारी एस.टी.नं यायची. पहिल्या मंगळवारी अप्पांनी दिलेलं बऱ्यापैकी होतं. नंतर साहेब सांगायचे, आज गल्ला नाही, आज अप्पा नाहीत, पुढच्या वेळी बघू. ती माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत बसून राहायची. कधी थोडंफार मिळायचं, कधी नुसतं बसून जायची. मंगल थांबायला तयार नव्हती. तिच्या वाट्यासाठी कौशल्याबाईनं दोन शेळ्या विकल्या. "गाभन व्हती एक," इतकंच म्हणाली. पाऊस लागला, पार्क बंद झालं, तळी उपसली, आणि गल्ला संपला तसं देणंही थांबलं. अर्ध्याहून थोडं जास्त आलं होतं, ते तिनं येईल तसं सगळ्यांत वाटून टाकलं होतं.

या दिवसांत कपडे पिळता पिळता मी विचार करायचे, की मेंबरला सूट द्यावी का. मला विचारलं नाही कोणी, पण माझं मत सांगते. ज्यानं दहा वर्षांचे पैसे आधी मोजले, त्याच्या पैशावर तुम्ही घसरगुंडी बांधली. त्याला दारात थोडं कमी घेतलं तर उपकार नाही. पण ते गुरुजींच्या तिकिटावर चढवू नये, अप्पांच्या नफ्यातून जावं. आणि जे देणार नाही ते बोलून विकू नये. कौशल्याबाईनं फुकट काहीच मागितलं नव्हतं. तिला दिलेला शब्द तिनं किमतीत धरला होता, आणि ती किंमत रोख मोजली होती.

दसरा झाला. एका सकाळी पार्कासमोर ट्रॅक्टर थांबला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांत बिऱ्हाडं, चुलीची लाकडं, कोंबड्या, बाया, लेकरं. ऊसतोडीला निघालेले. कौशल्याबाई उतरून दारात आली.

साहेब म्हणाले, "अप्पा बाहेरगावी आहेत. हंगाम करून या, मग बघू."

हंगाम करून या, म्हणजे सहा महिने. तोवर कोण लक्षात ठेवतंय, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं दारातच बैठक मारली. वरून टोळीचा मुकादम ओरडला, "ए बाई, गाडी निघायची हाय. राती कारखान्यावर पोचायचंय. चल वर."

"मी आल्याबिगर गाडी जानार न्हाई."

"तुज्यापायी सगळ्यांचा खोळंबा. टाकून जाईन हितंच."

ट्रॉलीतून मंगल बोलली, "जा टाकून. मंग माजा बी कोयता उतरला धर." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तोडीचा हिशेब त्यावरच होतो. मंगलला तिचे पैसे कधीच मिळाले होते. तरी ती बोलली. मुकादमानं तोंडातलं पान थुंकलं, पण ट्रॅक्टर चालू केला नाही.

माझ्या मोबाईलमध्ये अप्पांचा नंबर होता. मी त्यावर कधी फोन लावला नव्हता. साहेब समोर उभे असताना मी तो लावला. दुकानातल्या वजनकाट्याचा आवाज ऐकू आला, म्हणजे अप्पा बाहेरगावी नव्हते.

"अप्पा, सुमन बोलते. कौशल्याबाई दारात बसलीय. ट्रॅक्टर थांबलाय. तुमी तोडीच्या आत म्हनला व्हता." एवढं एका दमात बोलून मी फोन बंदच केला. त्यांचं उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

मग वाट बघणं. मुकादम दोनदा खाली उतरला, दोनदा वर चढला. लेकरांनी पाणी मागितलं, मी कळशी नेऊन दिली. साहेब आत जाऊन बसले. तिसऱ्यांदा मुकादमानं चावी फिरवली, ट्रॅक्टर हादरला, आणि कौशल्याबाई पदर खोचून उठून ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिचा नवरा ट्रॉलीतून "आगं ये, जाऊ दे पैसं" म्हणत होता. ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

रस्त्याच्या वळणावर अप्पांची स्कूटर दिसली. गाडी नाही, स्कूटर. पुढं दुकानाची कापडी पिशवी लटकवलेली. उतरले, माझ्याकडं एकदा बघितलं. रागावले होते की काय, ते मला अजून कळलेलं नाही. पिशवी तिच्या हातात दिली. आत पाचशे-शंभरच्या, खाली दहा-वीसच्या, पन्नासच्या नोटा, तेलकट झालेल्या, आणि चिल्लर. सकाळचा आणि कालचा दुकानाचा गल्ला होता तो.

"मोजून घे," अप्पा म्हणाले.

तिनं रस्त्याच्या कडेला पदर पसरला आणि मोजलं. कोणी घाई केली नाही, मुकादमानंसुद्धा नाही. मग ट्रॉलीच्या फळीला धरून तिनं एकेकीला नावानं हाक मारली आणि जिचं जे राहिलं होतं ते तिच्या हातात ठेवलं. प्रत्येकीनं मोजून घेतलं, प्रत्येकीनं "मिळालं" म्हटलं. शेवटी पदरात दोन वाटे राहिले. एक तिचा आणि एक मंगलसाठी तिनं आधीच भरलेला. ते तिनं वेगवेगळ्या गाठींत बांधले.

"झालं का पुरं?" अप्पांनी विचारलं.

तिनं दोन्ही गाठी चाचपल्या. "झालं अप्पा. समदं आलं."